भाषा शिकविणारे यंत्र आणि गावचे वाचनालय

पवनीत ग्रंथांविषयी बोलावयाचे झाले म्हणजे जगन्नाथ टेकडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले. त्या वेळी स्तूपाच्या कठड्याचे दगड बाहेर आले आणि त्यांपैकी काहींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आढळली. दाता गेला, स्तूप ढासळला, ती लिपी वाचणारेही मध्यंतरीच्या काळात उरले नाहीत. पण दिलेला दगड दिलेलाच राहिला. मुदत संपली म्हणून तो परत न्यावयास कोणी आले नाही. आजचा विषय तसा रुक्ष आहे, कायद्याचा आणि कराराचा आहे. परंतु हा दगड मनात ठेविला तर तो समजावयास सोपा जाईल.

प्रश्न असा आहे. परकी भाषा शिकविणाऱ्या संगणकीय आज्ञावल्या, ज्यांना आपण सर्रास सॉफ्टवेअर किंवा ॲप म्हणतो, त्या आता घरोघरी भ्रमणध्वनीवर आल्या आहेत. आपल्या वाचनालयाने अशी एखादी आज्ञावली सभासदांसाठी घेतली तर? पैसे मोजून वाचनालयाच्या हाती नेमके काय पडते? कपाटात ठेवता येईल असे काही, की काही दिवसांपुरती नुसती परवानगी?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशी माणसे तिकडे हवी आहेत. पण जर्मन भाषा आल्यावाचून तेथे पाऊल टाकता येत नाही. भाषाज्ञानाच्या तेथे सहा पायऱ्या मानतात आणि परिचारिकेला साधारणतः चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे बी-2 पर्यंत, चढावे लागते. पुण्या-मुंबईच्या मुलीला मॅक्स म्यूलर भवन जवळ आहे. पवनीतल्या, परिचर्येचे शिक्षण पुरे केलेल्या मुलीला वर्गासाठी नागपूर गाठावयाचे म्हणजे येण्याजाण्यात अर्धा दिवस आणि एसटीचे भाडे. तिच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर जी एक सार्वजनिक ज्ञानसंस्था आहे, ती म्हणजे वाचनालय. तेथे तिला काही मिळेल की नाही, हे ज्या कागदावर ठरते त्याचे नाव परवाना.

आधी जुनी रीत पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 साली. ज्या ग्रंथालयाने ती प्रत विकत घेतली त्याची ती झाली. दाखल नोंदवहीत क्रमांक पडला, पानावर शिक्का उमटला आणि पुढे शेकडो माणसांनी तिच्यात बोट घालून शब्द शोधला, तरी प्रकाशकाला पुन्हा पैसा द्यावा लागला नाही. हे कोणाच्या औदार्याने झाले नाही, ते कायद्यातच आहे. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. नव्या प्रती काढण्याचा व त्या लोकांत आणण्याचा हक्क तो ग्रंथकर्त्याला देतो. पण जी प्रत आधीच चलनात आलेली आहे तिच्यामागे तो हक्क जात नाही. पुस्तक विकले की ती प्रत ग्रंथकर्त्याच्या हातून सुटली. जगातली सारी वाचनालये या एका तत्त्वावर उभी आहेत, आणि ते इतके अंगवळणी पडलेले आहे की ते तत्त्व आहे हेच आपण विसरलो.

पुस्तकामागून ध्वनी आला. परभाषेचे धडे ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून ऐकविण्याची प्रथा गेल्या शतकाच्या आरंभीची; लिंग्वाफोनच्या तबकड्या आणि सोबतचे पुस्तक ज्यांनी पाहिले असेल त्यांना ती पेटी आठवेल. नंतर ध्वनिफिती आल्या, त्यांच्यामागून संगणकावर चालणाऱ्या चकत्या आल्या. संगणकाच्या आज्ञावलीला कायद्याने 1984 च्या दुरुस्तीत साहित्यकृतीच्या पंक्तीत बसविले. साहित्य म्हणजे काय यावर आपल्याकडे एवढे वाद झाले, पण संगणकाला दिलेल्या आज्ञा हेही साहित्यच, हे एकाही टीकाकाराला सुचले नव्हते! पुस्तकाच्या बाबतीत नसलेली एक अट मात्र या साहित्याला लागली. ते व्यापारी भाड्याने देण्याचा हक्कही मालकाने आपल्याकडे ठेविला.

मग वाचनालयाने अशी चकती सभासदाला घरी दिली तर ते व्यापारी भाडे ठरते काय? 2012 च्या दुरुस्तीने याचे उत्तर स्पष्ट दिले आहे, आणि ते प्रत्येक ग्रंथपालाने पाठ करावे असे आहे. जे ग्रंथालय नफ्यासाठी चालत नाही, त्याने रीतसर मिळविलेली आज्ञावलीची, ध्वनिमुद्रणाची वा चित्रपटाची प्रत ना-नफा हेतूने उसनी दिली, तर ते व्यापारी भाडे नव्हे. शासनाचे अनुदान मिळणारे किंवा आयकरातून सूट असलेले ग्रंथालय या व्याख्येत बसते. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदान घेणारे तालुक्याच्या गावचे वाचनालय त्यात आपोआप आले. म्हणजे कपाटात भाषाशिक्षणाची जुनी चकती पडली असेल आणि ती पावती घेऊन खरेदी केलेली असेल, तर ती सभासदाला बेलाशक द्यावी. मूळ चकती देणे वेगळे आणि तिच्या दहा नकला काढून वाटणे वेगळे, एवढे भान ठेविले म्हणजे झाले.

दुर्दैव असे की कायद्याने हे दार उघडले आणि घरातला माणूस दुसऱ्याच वाटेने निघून गेला. चकत्या जवळजवळ संपल्या. आता भाषाशिक्षणाची आज्ञावली कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते. आपण नाव नोंदवितो, वर्गणी भरतो आणि महाजालावरून तिथे जाऊन शिकतो. आपल्या हातात प्रत येतच नाही. प्रत नाही, तर उसनी काय देणार? कायद्याचे संरक्षण ‘मिळविलेल्या प्रतीला’ आहे. भाड्याच्या खोलीत डोकावण्याच्या परवानगीला नाही. 2 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या एका प्रकरणात असा निकाल दिला की, परदेशी कंपनीकडून आज्ञावलीची प्रत घेण्यासाठी दिलेले पैसे हे कॉपीराइटचे मानधन नसून मालाची किंमत होय, मग कागदावर त्याला परवाना म्हटलेले का असेना. निर्णय महत्त्वाचा खरा. पण तो प्रत हाती आलेल्यांच्या कामाचा, वर्गणीदारांच्या नव्हे.

येथे मला माझाच एक प्रमाद सांगितला पाहिजे. मी एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर होतो. गावाचे नाव सांगत नाही. आम्ही उत्साहाने इंग्रजी शिकविणाऱ्या एका आज्ञावलीची वार्षिक वर्गणी भरली, एका माणसाची, कारण ती स्वस्त होती. परवलीचा शब्द पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी टांगला. सकाळी सेवानिवृत्त तलाठी शिकत, दुपारी सहावीतली मुले, संध्याकाळी दुकानातून सुटलेले दोघे तरुण. यंत्राला वाटे की हा एकच विद्यार्थी आहे, आणि तो काही केल्या ठिकाणावर येत नाही. तलाठीबुवांनी भूतकाळ पुरा करावा, मुलांनी चुका करून त्यांना पुन्हा ‘हे सफरचंद आहे’वर आणून ठेवावे! दोन महिन्यांत खाते बंद झाले. आम्ही संतापून पत्र लिहिले. उत्तरात त्यांनी आमच्याच मान्यतेने झालेल्या कराराचे कलम दाखविले: वापर केवळ वैयक्तिक, खाते दुसऱ्यास देता येणार नाही. आम्ही ते वाचले नव्हते. ‘मान्य आहे’ या चौकोनावर मात्र बोट ठेविले होते. कंपनीचे काही चुकले नव्हते, आणि पैसे सभासदांचे होते.

तेव्हापासून मी हे करार वाचू लागलो. त्यांची भाषा क्लिष्ट असते, पण मुद्दे फार नसतात. पहिला मुद्दा, परवाना कोणाला आहे. सर्वांत स्वस्त तो एका व्यक्तीचा. तो वाचनालयाच्या उपयोगाचा नाही, हे माझ्या अनुभवावरून ध्यानात आलेच असेल. दुसरा, एका यंत्रापुरता. संगणक मोडला की तो नव्या संगणकावर नेता येतो काय, हे आधी विचारावे. तिसरा प्रकार वाचनालयाला जवळचा आहे. एकाच वेळी अमुक इतक्यांनी वापरावे, अशी त्यात मर्यादा असते. मर्यादा तिघांची असेल तर चौथ्याने थांबावे. तिघांतला एक उठला की त्याने बसावे. पुस्तकाच्या तीन प्रती असल्यासारखेच हे आहे, आणि लहान गावात तीन-चार जागा पुष्कळ होतात, कारण सारे गाव काही एकाच घटकेला जर्मन शिकावयास बसत नाही. चौथा प्रकार अमर्याद वापराचा. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पुष्कळदा तो घेतात. मँगो लँग्वेजेससारख्या कंपन्यांचा व्यवहार मुख्यतः ग्रंथालयांशीच असतो. येथे किंमत बहुधा ग्रंथालय ज्या वस्तीची सेवा करते तिच्या लोकसंख्येवरून ठरते. आपण असा करार करू गेलो तर लोकसंख्या कोणती धरावयाची? पवनी नगराची, तालुक्याची, की वर्गणी भरून पुस्तक नेणाऱ्या सभासदांची? यांत कितीतरी पटींचा फरक आहे. विक्रेत्याने कोष्टकातला आकडा पुढे केला की आपण सभासदांची यादी पुढे करावी. आपली वाचनालये संस्था चालवितात, ती वर्गणीदारांची आहेत, ही गोष्ट परदेशी विक्रेत्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

वापरणारा आपलाच सभासद आहे हे त्या दूरच्या यंत्राने ओळखावयाचे कसे, हीही एक गंमत आहे. मोठ्या विद्यापीठांत महाजालाच्या जोडणीला कायमचा एक अंकी पत्ता असतो. त्या पत्त्यावरून येणाऱ्यास दार उघडते. गावातल्या साध्या जोडणीला असा कायमचा पत्ता बहुधा नसतो; तो बदलत राहतो. विक्रेता म्हणेल ‘पत्ता कळवा’, आपण कळवू, आणि आठवड्याभरात दार बंद. म्हणून एकतर जादा पैसे भरून स्थिर पत्ता घ्यावा लागतो, नाहीतर सभासद क्रमांकावरून प्रवेश देण्याची सोय मागावी लागते. दुसरी सोय अधिक चांगली, कारण मग घरूनही शिकता येते. पण ‘घरून’ हा शब्द करारात हवा. तो नसला तर परवाना वाचनालयाच्या चार भिंतींत संपतो, आणि वाचनालय तर संध्याकाळी काही तासच उघडे असते.

आता मुदतीविषयी. पुस्तक जुने होते, पाने सुटतात, बांधणीला जाते, तरी राहते. परवाना ज्या दिवशी संपतो त्या दिवशी काहीच राहत नाही. सभासदाने सहा महिने केलेल्या अभ्यासाची नोंदही बहुधा त्याच्याबरोबर जाते. 2011 साली हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने अमेरिकेतील ग्रंथालयांना कळविले की त्यांचे ई-पुस्तक 26 वेळा दिले गेले की परवाना संपेल, पुन्हा विकत घ्यावे. पंधरवड्याला एक वाचक धरला तर वर्षाला 26, असा हिशोब! त्याआधी 2009 च्या जुलैत ॲमेझॉनने आपल्या ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके रातोरात काढून घेतली. विकणाऱ्याला हक्कच नव्हता असे कारण होते, पैसे परत मिळाले, पुढे दिलगिरीही व्यक्त झाली. परंतु विकलेले पुस्तक दुकानदार ग्राहकाच्या घरात शिरून उचलू शकतो, हे लोकांना त्या दिवशी प्रथमच कळले.

सभासदांच्या माहितीचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो, पण तो लहान नाही. भाषा शिकविणारे यंत्र विद्यार्थ्याचा आवाज ऐकते, चुका नोंदविते, किती वाजता शिकतो ते टिपते. ग्रंथपाल कोण काय वाचतो हे कोणाला सांगत नाही. यंत्राने तरी का सांगावे? 2023 साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. त्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती घेण्यास पालकांची संमती लागते. आपल्याकडे शिकावयास येणारे निम्मे तर शाळेतलेच.

कार्यकारी मंडळात हा विषय निघाला की चिटणीस आणखी एक अडचण काढतात, आणि ती खरी आहे. अनुदानाचा मोठा वाटा वेतनात जातो, उरलेल्यात ग्रंथ व नियतकालिके. तपासणी होते ती ग्रंथसंख्येची. वर्गणीने मिळालेल्या परवानगीला दाखल नोंदवहीत क्रमांक घालावयाचा कसा? शिक्का मारावयाचा कशावर? वर पुन्हा छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, पण अशा संगणकीय सेवेवर तो 18 टक्के आहे. शंभर रुपयांचे व्याकरणाचे पुस्तक शंभरालाच पडते, त्याच किमतीची व्याकरणाची आज्ञावली एकशे अठराला. दोन्ही ज्ञानच देतात. पण ज्याला वजन आहे ते करमुक्त, असा हा न्याय दिसतो.

मग एकट्या वाचनालयाने काय करावे? माझे स्पष्ट मत असे की, लहान वाचनालयाने एकट्याने वर्गणीच्या फंदात पडू नये. आधी जे मुक्त आहे ते भरून घ्यावे, आणि ते थोडे नाही. पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संस्थेने राजभाषा विभागासाठी ‘लीला’ नावाची आज्ञावली केली आहे; ती मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या माध्यमातून हिंदी शिकविते, विनामूल्य. 2021 साली केंद्र शासनाने ‘भाषा संगम’ काढले. त्यात 22 भारतीय भाषांतील रोजच्या व्यवहाराची वाक्ये आहेत. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचे ‘भारतवाणी’ आहे, त्यात कोश आहेत. मोल्सवर्थचा तो 1857 चा कोशही शिकागो विद्यापीठाच्या खटाटोपाने आता कोणालाही महाजालावर पाहता येतो. आणि जर्मनसाठी? जर्मनीची डॉइच वेले ही प्रसारण संस्था आरंभापासून तिसऱ्या पायरीपर्यंतचे धडे फुकट देते. चौथी पायरी राहते, हे कबूल. पण तीन पायऱ्या वर चढलेल्या मुलीला नागपूरचा वर्ग अर्ध्याहून कमी दिवस लागेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातीतल्या नोकरांसाठी तयार केलेले जुने अभ्यासक्रम, पुस्तके आणि ध्वनिमुद्रणासह, उपलब्ध आहेत. तेथील सरकारने स्वतः केलेल्या लेखनावर तिकडच्या कायद्याने कॉपीराइट नसतो. त्यांतले संवाद वकिलातीतल्या साहेबांचे आहेत आणि परिचारिकेला रुग्णाशी काय बोलावयाचे ते त्यांत सापडणार नाही. तथापि कवायत उत्तम आहे.

‘फुकट’ या शब्दाचाही नीट उलगडा केला पाहिजे. एखादे ॲप व्यक्तीला फुकट असते, याचा अर्थ वाचनालयाला ते उतरवून ठेवण्याची, वाटण्याची मुभा आहे असा होत नाही. डॉइच वेलेचे धडे सभासदाला वाचनालयाच्या संगणकावर खुशाल उघडून द्यावेत. त्यांच्या चकत्या करून वाटावयाच्या तर आधी विचारावे लागेल. याच्या उलट, 2002 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने प्रचारात आले आहेत. त्यांत कर्ता आधीच जगाला सांगून ठेवितो की, माझे नाव ठेवा आणि खुशाल नक्कल करा. कोणी पुढे ‘व्यापार करू नका’ एवढी अट घालतो. असा परवाना असलेले साहित्य वाचनालयाने उतरवून घेतले की ते वाचनालयाचे झाले, जवळजवळ त्या कठड्याच्या दगडासारखे. कोणाची कंपनी बुडाली तरी ते आपल्याजवळ राहते.

जेथे विकतचेच हवे, तेथे अनेकांनी मिळून घ्यावे. याचे मोठे उदाहरण आपल्या देशात नुकतेच घडले. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 शोधपत्रिका. आणि 2025 च्या आरंभापासून शासकीय विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्था यांना त्या खुल्या झाल्या. प्रत्येक विद्यापीठाने वेगळी घासाघीस करण्याऐवजी देशाने एकदाच केली. या यादीत गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये नाहीत. पवनीच्या वाचनालयाला शोधपत्रिका फारशा लागणार नाहीत, हे मान्य. पण हीच पद्धत भाषाशिक्षणाला का लावू नये? महाराष्ट्रात ग्रंथालय संचालनालय आहे, कोलकात्याला 1972 पासून राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथालय संघ आहेत. राज्य शासन जर्मनीशी माणसे पाठविण्याचा करार करू शकते, तर जर्मन शिकविणाऱ्या एका आज्ञावलीचा परवाना राज्यातील सर्व मान्य ग्रंथालयांसाठी एकदम घेणे त्याला अवघड जाऊ नये. आपल्या राज्याच्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर बसविण्याची तरतूद नाही. म्हणून हा पैसा शासनाच्या तिजोरीतूनच यावा लागेल आणि तो मागावाही लागेल. मागणीचा ठराव वाचनालयाच्या वार्षिक सभेत होऊ शकतो. त्याला सूचक आणि अनुमोदक एवढी दोनच माणसे पुरतात.

तोवर आरंभास फार खर्च नाही. वाचनालयात एक संगणक बहुधा असतोच. त्याला दोन जोड कर्णफोन घ्यावेत, म्हणजे वर्तमानपत्र वाचणाऱ्या मंडळींची तक्रार येणार नाही. मुक्त परवान्याचे जे धडे उतरविता येतात ते उतरवून त्यांची प्रत दुसऱ्या एखाद्या साधनावर वेगळी ठेवावी, त्यावर वाचनालयाचे नाव लिहावे आणि दाखल नोंदवहीत तिला क्रमांक द्यावा.